परतीची गाडी चुकली तर...

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गोव्याच्या रस्त्याला लागलं आणि पळस्पे फाटा मागे पडला, की थोड्याच वेळात समोर दगडाचा एक भलामोठा अंगठा उभा दिसतो. कर्नाळ्याचा सुळका. कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाच्या तो ओळखीचा. कुणाला खालचं, १९६८ साली जाहीर झालेलं पक्षी अभयारण्य आठवतं, कुणाला किल्ला आठवतो. कोकणातल्या बंदरांकडून बोरघाटाकडे जाणाऱ्या मार्गावर नजर ठेवायला हा किल्ला मोक्याचा होता. माल कुठून आला आणि कुठे चालला, यावर ज्याची नजर, त्याच्या हातात मुलूख, असा तो काळ.

आमच्या शेजारी एक निवृत्त एसटी कंडक्टर राहतात. आम्ही त्यांना काका म्हणतो. उभी हयात पनवेल-महाड रस्त्यावर गेली. मागे एकदा गणपतीला त्यांच्या गावी, कोलाडच्या पुढे, आम्ही सगळे मिळून निघालो होतो. कर्नाळ्याची खिंड आली तसे काका ताठ बसले आणि खणखणीत आवाजात म्हणू लागले, "कर्नाळा, तारा, खारपाडा, पेण, वडखळ... अलिबागवाले वडखळला उतरून घ्या... नागोठणे, कोलाड, इंदापूर, माणगाव." एकही थांबा चुकला नाही. आम्ही सगळे हसलो, मुलांनी टाळ्या वाजवल्या. पाच मिनिटं गेली असतील-नसतील, काकांनी शेजारी बसलेल्या मुलाला विचारलं, "आपण कुठे चाललोय रे?" हा प्रश्न त्या दिवशी तिसऱ्यांदा आला होता. काकूंनी तोंड खिडकीकडे वळवलं. मुलगा म्हणाला, "वय झालं आता, चालायचंच."

श्रोतेहो, मला आज त्या 'चालायचंच' या शब्दाबद्दल बोलायचं आहे. कारण जे काकांना झालं आहे ते नुसतं वय नाही, तो आजार आहे. आणि या आजारात मेंदूच्या पेशींमध्ये जे बिघडतं, त्यातला एक महत्त्वाचा भाग म्हणजे नेमकं काकांचंच काम: माल ओळखायचा, योग्य गाडीत बसवायचा, योग्य ठिकाणी उतरवायचा आणि परतीच्या गाडीनं पुन्हा कामावर हजर व्हायचं. आपल्या पेशींमध्येही असे कंडक्टर असतात. शास्त्रज्ञ त्यांना 'सॉर्टिंग रिसेप्टर' म्हणतात. मराठीत म्हणायचं तर 'वर्गवारी करणारे ग्राही'. शब्द बोजड आहे, म्हणून आपण कंडक्टरच म्हणू.

खोली पनवेलला, टोक माणगावला

आधी चेतापेशीची अडचण काय आहे ते समजून घेऊ. शरीरातल्या इतर बहुतेक पेशी आटोपशीर असतात. यकृताची पेशी म्हणजे एक खोलीच. जे शिजवायचं ते तिथेच, जे खायचं तेही तिथेच. चेतापेशीचं तसं नाही. तिच्या मुख्य भागापासून एक लांबलचक तंतू निघतो. त्याला अक्षतंतू म्हणतात. कंबरेतून पायाच्या अंगठ्याच्या दिशेनं जाणारा अक्षतंतू तब्बल एक मीटर लांब असू शकतो.

ही पेशी आपण कल्पनेनं एक लाख पट मोठी करू. पेशीचा मुख्य भाग तीस मायक्रॉनचा धरला, तर पनवेलमध्ये तीन मीटर रुंदीची एक खोली होईल. आणि तिचा तंतू? तो शंभर किलोमीटर लांब होईल. कर्नाळ्याची खिंड ओलांडून, पेण, नागोठणे, कोलाड मागे टाकून थेट माणगावच्या आसपास पोहोचेल. तंतूची जाडी एक मायक्रॉन धरली तर ती होईल दहा सेंटीमीटर, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. पनवेलला एक खोली आणि तिथून माणगावपर्यंत गेलेली वीतभरही जाड नसलेली नळी, अशी ही चेतापेशी!

आता गंमत अशी, की माणगावच्या टोकाला लागणारी बहुतेक प्रथिनं तयार होतात पनवेलच्या खोलीत. कारण केंद्रक तिथे, जनुकं तिथे. तयार झालेलं प्रथिन 'गॉल्गी संकुल' नावाच्या भागात येतं. तिथे त्याची वर्गवारी होते, बारीक पिशव्यांमध्ये ते भरलं जातं आणि पिशव्या रुळांवरून रवाना होतात. पिशवी ओढणारे हमालही प्रथिनांचेच असतात. 'कायनेसिन' पिशवी टोकाकडे नेतो, 'डायनिन' टोकाकडून खोलीकडे परत आणतो. जलद गाडीचा वेग दिवसाला चारशे मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे एक मीटरचा प्रवास अडीच दिवसांचा. आपल्या मोठ्या केलेल्या नकाशावर हा वेग होतो दिवसाला चाळीस किलोमीटर, बैलगाडीचा!

प्रथिनाला कुठे जायचं ते कळतं कसं? त्याच्या अंगावरच पत्ता लिहिलेला असतो. प्रथिनाच्या साखळीतला एखादा छोटा तुकडा पत्त्याचं काम करतो, हे गुंटर ब्लोबेल यांनी दाखवून दिलं आणि १९९९ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पुरस्कार मिळाला. पिशव्या कशा सुटतात, कशा पोहोचतात आणि ठरलेल्या जागीच माल कसा रिकामा करतात, हे उलगडणाऱ्या जेम्स रॉथमन, रँडी शेकमन आणि थॉमस स्यूडहॉफ यांना २०१३ चं नोबेल मिळालं. पेशीतल्या मालवाहतुकीला विज्ञान किती महत्त्व देतं, ते यावरून लक्षात यावं.

कुलाब्याच्या माश्या

हे सगळं दूर परदेशातच चालतं, असं मात्र समजू नका. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, आहे. तिथे १९६२ मध्ये ओबैद सिद्दीकी यांनी रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढे या विभागात फळांवर घोंघावणाऱ्या चिमुकल्या माश्यांवर मोलाचं काम झालं. के. एस. कृष्णन यांचं काम त्यातलंच. जनुकात बिघाड असलेल्या माश्यांची एक जात आहे, तिचं नाव 'शिबिरे'. आपल्या शिबिरांशी त्याचा काही संबंध नाही. हा जपानी शब्द आहे आणि त्याचा अर्थ बधिर होणं. ही माशी एरवी चांगली उडते, चालते. पण तापमान तीस अंशांच्या आसपास नेलं की ती जागच्या जागी लुळी पडते. पुन्हा गारव्यात आणली की काही मिनिटांत उठून चालू लागते.

असं का होतं? चेतापेशीच्या टोकाशी निरोप पिशव्यांमधून बाहेर टाकला जातो. रिकाम्या झालेल्या पिशव्या परत आत ओढून घ्याव्या लागतात, नाहीतर पुढच्या निरोपाला पिशवीच उरत नाही. शिबिरे माशीत नेमकी ही परत आत घेण्याची क्रिया उष्णतेनं बंद पडते. या क्रियेला लागणारी ऊर्जा कुठून पुरवली जाते, याचा एक धागा कृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवून दिला. याच संस्थेत डॉ. संध्या कौशिका आणि त्यांचे सहकारी जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या पारदर्शक कृमींमध्ये, जिवंतपणी, चेतापेशीतल्या पिशव्यांची ये-जा सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पिशव्या ओढणाऱ्या हमालांचं बळ मोजण्याचं काम रूप मल्लिक यांनी आधी टीआयएफआरमध्ये आणि नंतर पवईच्या आयआयटीत केलं.

शिबिरे माशीनं एक साधी गोष्ट शिकवली. वाहतूक म्हटलं की आपण माल पोहोचण्याकडे बघतो. पण जाण्याइतकंच परत येणं महत्त्वाचं. परतीची गाडी बंद पडली, तर सकाळची गाडी सुटणार कशी?

कंडक्टरची ओळख

आता आपल्या कंडक्टरकडे येऊ. हे एक प्रथिन असतं आणि पिशवीच्या पातळ पडद्यातून ते आरपार गेलेलं असतं. त्याचा मोठा भाग पिशवीच्या आत असतो आणि तो माल पकडतो. छोटीशी शेपटी बाहेर असते आणि ती वाहतूक यंत्रणेला सांगते, 'ही पिशवी अमक्या ठिकाणी न्या.' एका हातात पार्सल आणि दुसऱ्या हातात घंटीची दोरी, असंच म्हणा ना! मुक्कामाचं ठिकाण आलं, तिथली आम्लता वाढली, की पकड सुटते. माल उतरतो आणि कंडक्टर रिकाम्या हातानं परतीच्या गाडीत बसतो. परतीच्या या गाडीलाही एक नाव आहे, 'रेट्रोमर'.

या घराण्यातला पहिला कंडक्टर सापडला तो माणसात नाही, तर पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये. साल होतं १९९४. यीस्टच्या पेशीत एक पाचक रस असतो, तो एका ठरावीक कप्प्यात जायला हवा. ज्या यीस्टमध्ये 'व्हीपीएस-१०' नावाचं प्रथिन नव्हतं, तिथे तो रस चक्क पेशीच्या बाहेर सांडत होता. माल चांगला होता, भरपूर होता, पण पोहोचवणाराच नव्हता.

पुढे १९९७ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांना माणसाच्या मेंदूत याच घराण्याचा एक वारस मिळाला, 'सॉर्टिलिन'. आज माणसात अशी पाच भावंडं माहीत आहेत: सॉर्टिलिन, सॉर-एलए आणि सॉर-सीएस १, २ व ३. पाचही जणांचा मेंदूत मोठा वावर आहे. ज्या पेशीची नळी पनवेलहून माणगावला जाते, तिला कंडक्टर जास्त लागणारच.

'टिकून राहा' आणि 'संपून जा'

चेतापेशींच्या आपापसातल्या निरोपांमध्ये या कंडक्टरांचं काम काय, हे सांगण्यासाठी एका बाईंची गोष्ट सांगतो. रिटा लेव्ही-मोंताल्चिनी. इटलीतल्या ज्यू कुटुंबात १९०९ मध्ये जन्मलेल्या डॉक्टर. मुसोलिनीच्या राजवटीनं १९३८ मध्ये वंशभेदाचे कायदे केले आणि त्यांना विद्यापीठाचे दरवाजे बंद झाले. बाईंनी घरी, आपल्या झोपायच्या खोलीतच प्रयोगशाळा मांडली. युद्धाचे दिवस, सामान मिळत नाही. मिळत होती ती कोंबडीची अंडी. अंड्यातल्या पिल्लाच्या पायाचा कोंब काढून टाकला, तर त्या पायाकडे जाणाऱ्या चेतापेशींचं काय होतं, ते त्या पाहत होत्या. त्या पेशी आधी तयार होत आणि मग मरून जात. म्हणजे पायाकडून त्यांना कसला तरी निरोप येत असला पाहिजे, 'इकडे तुमचं काम आहे, टिकून राहा.' पाय नाही, निरोप नाही. निरोप नाही, पेशी नाही.

पुढे अमेरिकेत त्यांनी आणि स्टॅन्ली कोहेन यांनी हा निरोप घेऊन जाणारं प्रथिन शोधून काढलं. त्याचं नाव 'नर्व्ह ग्रोथ फॅक्टर', म्हणजे चेता-वृद्धी घटक. दोघांना १९८६ मध्ये नोबेल मिळालं. या बाई वयाच्या एकशे तिसाव्या वर्षापर्यंत जगल्या असत्या तरी नवल वाटलं नसतं, इतक्या कामात होत्या. एकशे तीन वर्षांचं आयुष्य जगून २०१२ मध्ये त्या गेल्या.

या निरोपाला दुसरी बाजूही आहे, हे त्यांच्या हयातीतच लक्षात आलं. हे प्रथिन आधी लांब, कच्च्या रूपात तयार होतं आणि मग कापलं जाऊन पक्कं होतं. पक्कं रूप सांगतं, 'टिकून राहा.' पण २००१ मध्ये दिसून आलं, की कच्चं रूप तसंच बाहेर पडलं तर ते उलट सांगतं, 'संपून जा.' आणि २००४ मध्ये डेन्मार्कच्या ऑर्हूस विद्यापीठातले अँडर्स निकयेर आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवलं, की मरणाचा हा निरोप पेशीच्या दारात स्वीकारणाऱ्यांपैकी एक कोण? आपला सॉर्टिलिन! 'पी-७५' नावाच्या दुसऱ्या एका ग्राहीच्या जोडीनं तो कच्चं प्रथिन पकडतो आणि पेशीचा अंत सुरू होतो.

मग सॉर्टिलिन खलनायक म्हणायचा का? थांबा. हाच सॉर्टिलिन जगण्याचा निरोप घेणारे ग्राही तंतूच्या टोकापर्यंत पोहोचवायलाही मदत करतो. शिकण्याशी आणि स्मरणाशी संबंधित असलेलं 'बीडीएनएफ' हे प्रथिन योग्य पिशवीत भरण्याचं कामही त्याच्याकडे आहे. पिशवी योग्य असली, तर पेशीला चेतना मिळते तेव्हाच ते बाहेर पडतं. नाहीतर ते कधीही झिरपत राहतं. कंडक्टर तोच. गाडी कुठली आणि हातात पार्सल कुठलं, यावर सगळं ठरतं.

अल्झायमरमधला गैरहजर कंडक्टर

आता काकांच्या आजाराकडे. आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ मध्ये या आजाराचं वर्णन पहिल्यांदा मांडलं. अल्झायमर झालेल्यांच्या मेंदूत चेतापेशींच्या बाहेर एका चिकट प्रथिनाचे थर साचलेले दिसतात. ते प्रथिन म्हणजे 'अ‍ॅमिलॉइड बीटा'. ते येतं कुठून? 'एपीपी' नावाच्या एका मोठ्या प्रथिनापासून. एपीपी आपल्या सगळ्यांच्या चेतापेशींमध्ये असतं. त्यात काही वाईट नाही. ते पेशीच्या पृष्ठभागावर जातं, मग आत ओढलं जातं आणि 'एन्डोसोम' नावाच्या कप्प्यात येतं. एन्डोसोम म्हणजे पेशीतला एसटी स्टँड समजा. इथून कुणी परत जातं, कुणी मोडीत निघतं. पण याच स्टँडवर कात्र्या घेऊन काही जण बसलेले असतात. एपीपी तिथे जितका जास्त वेळ रेंगाळेल, तितके त्याचे चुकीच्या जागी तुकडे पडतात आणि अ‍ॅमिलॉइड बीटा तयार होतं.

एपीपीला तिथून उचलून, रेट्रोमरच्या गाडीत बसवून, सुखरूप गॉल्गीकडे परत नेणारा कंडक्टर म्हणजे सॉर-एलए. अल्झायमर झालेल्या मेंदूंमध्ये हा कमी आढळतो, असं २००४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. तो एपीपीला कात्र्यांपासून दूर ठेवतो, हे २००५ मध्ये बर्लिनचे थॉमस विल्नो आणि डेन्मार्कमधले संशोधक यांच्या कामातून पुढे आलं. आणि २००७ मध्ये वेगवेगळ्या वंशांच्या कुटुंबांच्या अभ्यासातून सॉर-एलएचं जनुक आणि अल्झायमरचा धोका यांचा संबंध समोर आला. तयार झालेलं अ‍ॅमिलॉइड बीटा उचलून मोडीच्या कप्प्यात, म्हणजे लयकारिकेत, नेऊन टाकण्याचं कामही सॉर-एलए करतो, हे नंतर कळलं. म्हणजे हा कंडक्टर गैरहजर असला, की कचरा जास्त तयार होतो आणि उचललाही कमी जातो. दुहेरी नुकसान.

परतीच्या गाडीत बिघाड झाला तरी असंच काहीसं होतं. रेट्रोमरच्या 'व्हीपीएस-३५' या भागातल्या एका बारीकशा बदलामुळे काही कुटुंबांमध्ये पार्किन्सन्सचा आजार, म्हणजे कंपवात, होतो, हे २०११ मध्ये आढळलं.

इथे एक खुलासा करायला हवा. सॉर-एलए हे अल्झायमरचं एकमेव कारण नाही. वय, इतर जनुकं, रक्तवाहिन्यांचं आरोग्य, असे अनेक धागे त्यात आहेत. जनुकात बदल आहे म्हणजे आजार ठरलेलाच, असंही बहुतेकांच्या बाबतीत नसतं. तेव्हा घरोघरी जाऊन जनुकांच्या तपासण्या करून घ्या, असं मी मुळीच सुचवत नाही.

औषधाची वाट

मग सरळ औषधानं कंडक्टरला हवं तसं वागायला लावता येईल का? हा प्रयत्न झाला, आणि तो सांगण्यासारखा आहे. 'फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया' नावाचा एक स्मृतिभ्रंश आहे. त्यात विस्मरणाच्या आधी माणसाचा स्वभाव आणि बोलणं बदलतं, आणि बरेचदा साठीच्या आतच. यातल्या काही कुटुंबांमध्ये 'प्रोग्रॅन्युलिन' हे प्रथिन निम्मंच तयार होतं. सॉर्टिलिन हे प्रथिन पेशीबाहेरून पकडून आत मोडीच्या कप्प्यात नेतो, हे २०१० मध्ये समजलं. कल्पना सोपी होती. सॉर्टिलिनचा हात अडवा, प्रोग्रॅन्युलिन वाढेल, आजार मंदावेल. त्यासाठी एक प्रतिपिंड औषध तयार झालं. मोठी चाचणी झाली. तिचा निकाल २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आला. रक्तातलं प्रोग्रॅन्युलिन खरोखरच वाढलं होतं. पण आजाराचा वेग कमी झाला नाही.

ज्या कुटुंबांनी या चाचणीत भाग घेतला, त्यांच्या मनाचं काय झालं असेल! पण या अपयशातही शिकण्यासारखं आहे. रक्तात प्रथिन वाढणं आणि ते पेशीच्या कामी येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोदामात पोती वाढली म्हणून गावात चूल पेटतेच असं नाही. शिवाय हा कंडक्टर एकाच मार्गावर ड्युटी करत नाही. सॉर्टिलिनच्या जनुकाचा संबंध यकृतातून रक्तात जाणाऱ्या कोलेस्टेरॉलशी आणि हृदयविकाराच्या धोक्याशीही आहे, हेसुद्धा २०१० मध्येच स्पष्ट झालं होतं. एका मार्गावर त्याला अडवलं, तर दुसऱ्या मार्गावर काय होईल, हा विचार प्रत्येक वेळी करावा लागतो.

साचलेलं अ‍ॅमिलॉइड उपसून काढणारी औषधं अलीकडे आली आहेत. 'लेकॅनेमॅब' या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. आजाराच्या सुरुवातीलाच दिलं, तर ते आजाराचा वेग काहीसा कमी करतं, गेलेलं परत आणत नाही. मेंदूला सूज येण्याचा आणि रक्तस्रावाचा धोका असल्यानं वरचेवर एमआरआय काढून लक्ष ठेवावं लागतं. म्हणून वाहतूक सुधारण्याची, म्हणजे सॉर-एलए आणि रेट्रोमर यांना बळ देण्याची दिशा संशोधकांनी सोडलेली नाही. साचलेला गाळ उपसण्यापेक्षा गटार वाहतं ठेवणं बरं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

घरी काय करायचं?

मग आज, आत्ता, काकांच्या घरच्यांनी काय करायचं? पहिली गोष्ट, 'चालायचंच' म्हणणं सोडायचं. आपल्या देशात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानं मांडला. साठीनंतरच्या दर शंभरात सात. याचा अर्थ उरलेल्या त्र्याण्णवांना तो नाही. म्हणजे म्हातारपण आणि स्मृतिभ्रंश या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं आपल्या सगळ्यांचंच आहे. चष्मा कशासाठी असतो ते विसरणं, रोजच्या वाटेवर हरवणं, तोच प्रश्न पुन:पुन्हा विचारणं, हिशेबात पक्का असलेला माणूस सुट्या पैशांत गोंधळणं, ही डॉक्टरांकडे जाण्याची वेळ आहे.

दुसरी गोष्ट, सगळंच विस्मरण अल्झायमरचं नसतं. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता शाकाहारी घरांमध्ये बरीच आढळते. थायरॉइड, मनाचं नैराश्य, काही औषधांचे परिणाम यांनीही माणूस विसरभोळा होतो. यातलं बरंचसं साध्या तपासणीनं कळतं आणि उपचारानं सुधारतं. तपासलंच नाही, तर सुधारण्यासारखं असलेलंही हातचं जातं.

तिसरी गोष्ट आहे ती चाळिशी-पन्नाशीतल्यांसाठी. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीनं २०२४ मध्ये चौदा कारणं मांडली. रक्तदाब, मधुमेह, वाढलेलं कोलेस्टेरॉल, धूम्रपान, कमी ऐकू येणं, एकटेपणा, बैठं आयुष्य, प्रदूषित हवा, अशी ती यादी आहे. ही चौदाही कारणं आयुष्यभर टाळता आली, तर जगातले स्मृतिभ्रंशाचे जवळजवळ ४५ टक्के रुग्ण कमी होऊ शकतील किंवा त्यांचा आजार लांबू शकेल, असा या समितीचा अंदाज आहे. जनुकं आपल्या हातात नाहीत. रक्तदाबाची गोळी वेळेवर घेणं आणि कानाला यंत्र लावायला न लाजणं, हे मात्र आपल्या हातात आहे.

आणि चौथी गोष्ट, जो सांभाळतो त्याला सांभाळा. काकू रात्री झोपत नाहीत, कारण काका मध्यरात्री उठून 'पहिली गाडी सुटायची वेळ झाली' म्हणून दार उघडू पाहतात. काकूंना 'तुम्ही दोन तास बाहेर जाऊन या, मी बसतो' असं म्हणणारं कुणी असेल, तर ते कुठल्याही औषधाइतकं मोलाचं आहे.

त्या गणपतीनंतर काकांच्या मुलानं त्यांना डॉक्टरांना दाखवलं. निदान झालं. ब-१२ही कमी होतं, ते भरून काढलं. त्यानं थोडी तरतरी आली. मूळ आजार आहे तो आहे. पण घरात एक बदल झाला. तोच प्रश्न चौथ्यांदा आला तरी आता कुणी खेकसत नाही. काकूंनी त्यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशाला आतून कापडाची एक पट्टी शिवली आहे. त्यावर पक्क्या शाईनं नाव, पत्ता आणि मुलाचा फोन नंबर लिहिला आहे.

मी ती पट्टी पाहिली तेव्हा मला ब्लोबेल आठवले. पेशी आपल्या प्रत्येक प्रथिनावर पत्ता लिहून ठेवते. पण पत्ता पुरत नाही. तो वाचणारं, हात धरणारं आणि परतीच्या गाडीत बसवणारं कुणीतरी लागतं. पेशीच्या आत ते काम सॉर-एलए करतो. पेशीच्या बाहेर, पनवेलच्या स्टँडवर एखादे आजोबा गोंधळून उभे दिसले, तर ते काम तुमचं-माझं आहे.